जुनी मोटार आणि बंगळूरची सावली

दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूर शहराची पहिली ओळख म्हणजे तेथील हवा. जवळ समुद्र नाही, मोठी नदी नाही. तरीही ऐन उन्हाळ्यात झाडाखाली बसावे आणि पंख्याची आठवणही होऊ नये, असा लौकिक या नगरीने दीर्घकाळ मिरविला. लष्कराने येथे छावणी वसविली, राज्यकर्त्यांनी उद्याने फुलविली, सेवानिवृत्त मंडळींनी बंगले बांधले, ते बव्हंशी या हवेच्या भरवशावर. आता मात्र त्या लौकिकाला ओहोटी लागली आहे. एप्रिलमध्ये येथील दुपारचे सरासरी कमाल तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि २४ एप्रिल २०१६ रोजी तर पारा ३९.२ अंशांपर्यंत चढला होता.

या पालटलेल्या हवेची झळ ज्यांना विशेष जाणवते, त्यांत या शहरातील जुन्या मोटारींची गणना केली पाहिजे. बंगळूरमध्ये अशा मोटारी जिव्हाळ्याने सांभाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणाकडे आजोबांची मॉरिस मायनर, कोणाकडे वडिलांची फियाट ११००, तर कोणाकडे घरातील तीन पिढ्यांची लग्नकार्ये पाहिलेली ॲम्बॅसेडर. रविवारी सकाळी कब्बन पार्कच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यांवर यांपैकी एखादी गाडी संथपणे जाताना दिसते आणि पादचारी कौतुकाने थबकतात. पण ऊन चढले की तिच्या आतली स्थिती कौतुकास्पद राहत नाही. या गाड्यांत वातानुकूलनाचे यंत्र नाही. ज्या गाडीतून घरातील आजी नववधू होऊन आल्या, त्याच गाडीत आज त्यांना वैशाखाच्या दुपारी अर्धा तास बसविणे जिवावर येते. मग गाडी दाराशी कापड पांघरून उभी राहते, आणि उभी राहिलेली गाडी हळूहळू मोडीच्या वाटेला लागते. ती चालती राहावी आणि तिच्यात घरच्या माणसांनी सुखाने बसावे, यासाठी यंत्राखेरीज अन्य कोणते उपाय आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी लोकांचा नाही.

दोन शहरांचे नाते

मराठी वाचकाला या प्रश्नात आणखी एका कारणाने गोडी वाटावी. बंगळूर आणि मोटार यांना जोडणारा धागा महाराष्ट्रातून गेला आहे. मैसूर संस्थानचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि त्यांच्या सेवेची पहिली वर्षे मुंबई इलाख्यात गेली. भारतात मोटारींचा कारखाना निघावा, यासाठी १९३० नंतरच्या दशकात त्यांनी योजना आखली आणि तिचा नेटाने पुरस्कार केला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनीही तो ध्यास घेतला. डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी मैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्यास उभा राहिला. एका सोलापूरकराने विमानाचा कारखाना बंगळूरला दिला आणि मोटारीचा मुंबईला. कुर्ल्याची फियाट पुढे बंगळूरच्या रस्त्यांवर घरोघरची झाली.

ही फियाट मूळची इटलीची आणि तिची भावंड शोभणारी ॲम्बॅसेडर मूळची इंग्लंडची. थंड देशांतील रचनाकारांना प्रवाशाला ऊब कशी मिळेल याची चिंता अधिक होती. तथापि वारा खेळविण्याच्या काही युक्त्या त्यांनी गाडीच्या अंगातच योजून ठेवल्या होत्या. पुढील काळात वातानुकूलन सार्वत्रिक झाले, तशा त्या युक्त्या विस्मरणात गेल्या. जुन्या मोटारीला गारवा देण्याचा पहिला उपाय म्हणजे तिच्यात मुळातच काय आहे ते जाणून घेणे.

वाऱ्याची वाट

फियाटच्या किंवा ॲम्बॅसेडरच्या पुढील दाराला, मोठ्या काचेच्या पुढे, एक लहान तिकोनी काच असते. उभ्या खिळीवर फिरणारी ही काच पुष्कळांना शोभेची वाटते. वस्तुतः गाडीतील सर्वांत गुणी वस्तू तीच. धावत्या गाडीत ती किंचित तिरपी उघडली की तिच्या मागच्या कडेशी हवेचा दाब कमी होतो आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. तीच काच पुरती फिरवून तिचे तोंड पुढे केले, तर सुपाने धान्य घ्यावे तसा ती वारा आत घेते. म्हणून जाणता चालक एका बाजूची काच सुपासारखी ठेवतो आणि विरुद्ध बाजूच्या मागील दाराची काच चार बोटे उतरवितो. वारा एकीकडून येतो, बसणाऱ्यांच्या अंगावरून तिरपा जातो आणि दुसरीकडून निघून जातो. चारही काचा सताड उघडल्या म्हणजे अधिक वारा लागेल, ही समजूत खरी नाही. तशाने गोंगाट वाढतो, धूळ येते आणि मागे बसलेल्यांच्या वाट्याला नुसत्या झोतांचा मारा येतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांत पुढची काच वरच्या बिजागरीवर तिरपी उघडत असे, तर काही गाड्यांत बॉनेटच्या मागे, काचेच्या पायथ्याशी, हवा घेणारे छोटे झाकण असे. या झाकणाची रबरी पट्टी वाळली की पावसाचे पाणी आत गळते. मग मालक कंटाळून ते कायमचे बुजवून टाकतात. नवी पट्टी बसविण्याचा खर्च थोडा आहे, आणि त्याने मिळणारा वारा विनामूल्य आहे.

उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बसण्यापूर्वी एक साधी कृती करावी. एका बाजूची काच उतरवावी आणि समोरच्या बाजूचे दार पाच-सहा वेळा उघडझाप करावे. दार भात्यासारखे काम करते आणि आत साठलेली तप्त हवा बाहेर लोटली जाते. मग चार पावले चालून यावे आणि बसावे.

टप, गादी आणि पत्र्याची पडदी

जयचामराजेंद्र रस्ता, सर्वांच्या तोंडी जे. सी. रोड, हा बंगळूरमधील मोटारींच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार. येथून जवळच्या एका गल्लीत गाड्यांच्या गाद्या शिवणारे एक वयस्कर कारागीर आम्हाला भेटले. ते भावसार समाजाचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकून आहे, मात्र तिला कानडीचा हेल आहे. त्यांनी आमच्यासमोर फियाटच्या आसनावरचे जाड रेक्झिन उकलले आणि त्याखालचा काथ्या दाखविला. “रेक्झिन घाम पीत नाही आणि ऊन सोडत नाही,” ते म्हणाले. “माणसासारखाच गाडीचा अंगरखाही सैल आणि सुती पाहिजे.” जाड सुती कापडाची धुता येणारी खोळ, तिच्याखाली काथ्याची किंवा वेताची चटई, एवढ्यानेच पाठ आणि आसन यांमध्ये हवेला जागा मिळते. टॅक्सीचालक लाकडी मण्यांचे आसन वापरतात, त्यातील मर्म हेच.

गाडीच्या टपाविषयीही त्यांचे मत ठाम होते. वरचा पत्रा तापतो आणि खालचे अस्तर लोंबू लागलेले असेल तर ती उष्णता थेट डोक्यावर उतरते. अस्तर बदलताना पत्र्याला आतून लोकरीचा नमदा किंवा तत्सम जाड थर लावून घेतला तर तो बाहेरून दिसत नाही आणि गाडीचे रूपही बदलत नाही. रंगाचा प्रभाव तर प्रयोगाने सिद्ध झाला आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एकाच जातीच्या काळ्या आणि रुपेरी मोटारी उन्हात शेजारी उभ्या करून पाहिल्या. रुपेरी गाडीचा टप सुमारे २५ अंशांपर्यंत कमी तापला आणि आतील हवा ५ ते ६ अंशांनी निवळ राहिली. आपल्याकडील सरकारी ॲम्बॅसेडर पांढऱ्या असत, त्यात शिष्टाचाराइतकाच शहाणपणाही होता म्हणावयाचा. उष्ण देशांसाठी बनलेल्या लँड रोव्हर गाड्यांना तर टपावर दुसरा टप असे. दोहोंमधल्या फटीतून वारा वाहत राही आणि खालचा पत्रा जणू मांडवाच्या सावलीत असे.

उष्णता केवळ वरूनच येते असे नाही. इंजिन आणि बैठक यांमध्ये जी पत्र्याची पडदी असते, तिच्यातून तारा, केबली आणि पाण्याच्या नळ्या आत येतात. त्या छिद्रांतील रबरी कडी पन्नास-साठ वर्षांत झडून गेलेली असतात आणि तेथून इंजिनाचा ऊन श्वास थेट पायांवर येतो. ही छिद्रे नव्या रबराने बंद करावी, गिअरपेटीच्या उंचवट्यावर जाड गालिचा घालावा, आणि ऊब देणारे यंत्र असल्यास त्याच्या पाण्याची तोटी पक्की बंद आहे ना, हे पाहावे. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. जुन्या गाड्यांच्या उष्णतारोधक थरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक असते. म्हणून तसला जुना थर घरी खरवडू नये, ते काम जाणकारावर सोपवावे.

पाण्याचा गारवा

वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा सुगंधी वारा कोणाला माहीत नाही? माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, तोच न्याय येथे लागू पडतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते. हे तत्त्व प्रवासात वापरण्याची खटपट जुनी आहे. आगगाडीच्या डब्यांना वाळ्याचे पडदे लावून ते भिजवीत असत. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलला जोडलेला वातानुकूलित डबा बर्फाच्या लाद्यांवर थंड केला जाई. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलित मोटार लोकांपुढे मांडली, परंतु ती थोड्यांनाच परवडली. बाकीच्यांनी दाराच्या काचेत अडकविण्याचे एक नळकांडे पत्करले. त्यात पाणी आणि ओलसर जाळी असे. धावत्या गाडीचा वारा एका तोंडातून शिरे आणि भिजून थंड होऊन दुसऱ्या तोंडातून आत येई. त्याला इंजिनाची शक्ती लागत नसे आणि विजेची तारही लागत नसे.

असे नळकांडे किंवा वाळ्याची लहान चौकट आपल्याकडे उपयोगी पडेल काय? त्याचे उत्तर हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. बंगळूरच्या मार्च-एप्रिलमधील दुपारी तापमान ३४ अंश आणि हवेतील आर्द्रता ३० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २१ ते २२ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात निम्मा लाभ पदरात पडला तरी सहा अंशांचा गारवा मिळतो. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच मर्यादा सुमारे साडेसत्तावीस अंशांवर थांबते. निम्म्या लाभाने तेथे तीनही अंश मिळत नाहीत, घामाचा चिकटा मात्र वाढतो. म्हणजे कुर्ल्यास तयार झालेल्या गाडीला हा उपाय जन्मगावी पारखा आणि बंगळूरला अनुकूल! नागपूर, सोलापूर, विजापूर या कोरड्या मुलखातही तो उत्तम चालेल. पावसाळा सुरू झाला की मात्र ही चौकट काढून ठेवावी. ओली हवा बाहेर जाण्यासाठी मागील काच थोडी उघडी असावी आणि वाळा दर दिवशी सुकवावा. अन्यथा गारव्याऐवजी बुरशी पदरी पडते.

यंत्र बसवावे काय?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ वातानुकूलन यंत्र का बसवू नये, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळांनी ते बसविलेही आहे. परंतु फियाट ११०० चे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. त्यातील तीन-चार अश्वशक्ती यंत्राने घेतली की चढावर गाडी धापा टाकू लागते. जुना डायनामो दिव्यांपुरती वीज देतो. पंख्यांचा भार त्याला पेलत नाही. रेडिएटरपुढे आणखी एक जाळी आली की इंजिन तापते, आणि इंजिन तापले की शेवटी बैठकही तापते. एक यंत्र बसविण्यासाठी चार वस्तू बदलाव्या लागतात आणि पत्र्याला भोके पडतात ती निराळीच.

शिवाय कायद्याचाही विचार केला पाहिजे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना पुरातन वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिचा सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट आहे. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, संशोधन, शर्यत-मेळावे, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून ज्याला आपल्या गाडीचा वारसा जपायचा आहे, त्याने पत्रा कापण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करावा. खोळ काढता येते, वाळ्याची चौकट उतरविता येते. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. काळी फिल्म लावण्याचा सोपा मार्गही उपयोगाचा नाही, कारण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील तशा फिल्मला मनाई केली आहे. गाडी उभी असताना आतून पुठ्ठा किंवा चकचकीत पडदा लावणे मात्र हितकारक ठरते.

एका बाबतीत कोणताच उपाय पुरेसा नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत बालकाला किंवा वृद्धाला क्षणभरही एकटे ठेवू नये. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेले आढळले. त्यातील ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नव्हता.

मैसूरच्या वाटेवर

या सर्व उपायांची खरी कसोटी लांबच्या रस्त्यावर लागते. बंगळूरहून मैसूरला जाणारा नवा द्रुतगती मार्ग मार्च २०२३ मध्ये खुला झाला. त्यामुळे नव्या गाडीचा बराच वेळ वाचतो. जुन्या गाडीच्या प्रकृतीला मात्र तो मानवत नाही. सतत वेगाने पळाल्याने तिचे इंजिन तापते आणि उघड्या माथ्याच्या त्या रुंद रस्त्यावर विसाव्याला सावली सापडत नाही. तिने जुन्या वाटेनेच जावे. पहाटे पाचला निघावे, केंगेरी, बिडदी मागे टाकावे, रामनगरच्या खडकाळ टेकड्यांवर कोवळे ऊन पडलेले पाहावे, लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणला थांबून इंजिनाला श्वास घेऊ द्यावा आणि मद्दूरला वडा खाऊन दहाच्या आत मंड्या ओलांडावे. पूर्वीच्या प्रवाशांचा मुख्य वातानुकूलक त्यांचे घड्याळ हाच होता. पुढे श्रीरंगपट्टणजवळ ‘पयण’ हे जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने ते २०२३ मध्ये सुरू झाले. तेथील गाड्यांची झळाळी सर्वजण पाहतात. आपण त्यांच्या काचा, झाकणे आणि टप पाहावे. प्रत्येक काळाने उन्हाशी कसा तह केला, ते त्यांवरून कळते.

या मार्गावर एके काळी वड आणि वर्षावृक्ष यांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना भिडत असत. रस्तारुंदीत त्यांतील कितीतरी गेले. बंगळूर शहरातही रुंदीकरणाने हेच केले. लालबागचे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बिगेल १९०८ मध्ये मैसूर संस्थानाच्या सेवेत आले. एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने शहरातील रस्त्यांवर झाडे लावण्याची योजना त्यांची. तीत सौंदर्य होते, तितकेच आरोग्यही होते. बंगळूरच्याच रस्त्यांवर केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, झाडे असलेल्या रस्त्यावर दुपारची हवा झाडे नसलेल्या रस्त्याहून ५.६ अंशांपर्यंत थंड आढळली, आणि डांबराचा पृष्ठभाग तर २७.५ अंशांपर्यंत!

हे आकडे पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहेत. रुपेरी रंगाने जेवढे साधते आणि वाळ्याची चौकट परिश्रमाने जेवढे देते, तेवढे झाडांची एक रांग मुकाट्याने देते. आणि ते गाडीतल्या चौघांनाच नव्हे, तर शेजारून चालणाऱ्या हमालाला, शाळेतून परतणाऱ्या मुलीला आणि हातगाडीवाल्यालाही देते. जुन्या मोटारीला स्वतःचा गारवा निर्माण करता येत नव्हता. वारा, पाणी आणि सावली यांच्याकडून तो उसना घेऊनच ती चालत असे. तिच्या टपाला नमदा लावणे, काचांचे रबर बदलणे हे घरच्या घरी होण्यासारखे आहे आणि ते अवश्य करावे. परंतु ज्या कुटुंबाला आपली गाडी पुढील पिढीच्याही हाती चालती द्यायची आहे, त्याने आपल्या रस्त्यावरचे एखादे रोप दोन उन्हाळे पाणी घालून जगवावे. त्याची सावली गाडीच्या टपावर पडू लागेपर्यंत घरातील नातवंडे सुकाणू धरण्याच्या वयाची झालेली असतील.